बेत मुलांचा, साथ शिक्षकांची

चौथीचा वर्ग. परिसर अभ्यासाचा तास. बाई सांगतात, "पुस्तकं मिटा, वही काढा, समास आखा, तारीख घाला आणि काल पाहिलेल्या ओढ्याबद्दल पाच वाक्यं लिहा. फळ्यावरचं वाक्य नमुन्याचं आहे, ते उतरवू नका." एका दमात सहा सूचना. तिसऱ्या बाकावरचा मुलगा वही काढतो, पट्टी शोधतो, ती शेजाऱ्याकडे सापडते, समास आखतो आणि थांबतो. पुढे काय करायचे ते आता त्याला आठवत नाही. तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, काहीतरी विचारतो, ओरडा खातो आणि शेवटी फळ्यावरचे वाक्य उतरवू लागतो. वर्षअखेर प्रगतिपुस्तकात शेरा पडतो: 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.'

त्या पाच मिनिटांत या मुलावर किती कामे पडली होती ते पाहा. सहा सूचना ध्यानात धरायच्या, पट्टी शोधताना त्या निसटू द्यायच्या नाहीत, बोलण्याची ऊर्मी आवरायची, फळ्यावरचे उतरवून काढायची रोजची सवय आजपुरती मोडायची, वाक्यांचा क्रम मनात लावायचा आणि घंटेपूर्वी आटोपायचे. यातले एकही काम ओढ्याविषयीच्या माहितीचे नाही. ओढा त्याने पाहिला होता, त्यातले खेकडेही त्याला माहीत होते. अडले ते स्वतःचे काम स्वतः चालवण्यापाशी. मानसशास्त्रात या कामांना मिळून कार्यकारी क्षमता म्हणतात. हातातल्या कामापुरती माहिती मनात धरून ती वापरणारी कार्यरत स्मृती, पहिली ऊर्मी थोपवणारे आत्मनियंत्रण आणि परिस्थिती बदलली की विचाराची दिशा बदलू देणारी लवचिकता हे तिचे तीन मुख्य घटक. आखणी, वेळेचे भान, काम तडीस नेणे ही कौशल्ये या तिन्हींच्या आधाराने उभी राहतात.

हे पुस्तक या क्षमतेविषयी आहे आणि तिच्याइतकेच वर्गातल्या सहभागाविषयी आहे. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, हा त्याचा पाया. मूल मन आवरते, बेत करते, चुकले तर नव्याने जुळवते, ते त्याला काहीतरी हवे असते म्हणून. वर्गात काय करायचे, कोणत्या क्रमाने, किती वेळात आणि झाले की नाही, हे सारे मोठ्यांनीच ठरवले तर मुलाला चालवण्यासारखे काही उरत नाही. ज्या क्षमतेचा वापरच होत नाही ती वाढणार कशी?

या विषयाचा अभ्यास शाळेत सुरू झाला नाही, दवाखान्यात झाला. १८४८ साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना सुरुंग अवेळी उडाला आणि एक मीटरहून लांब लोखंडी पहार फिनियस गेज या मुकादमाच्या गालातून शिरून कवटीतून बाहेर पडली. गेज वाचला. त्याला बोलता येत होते, आठवत होते. मात्र त्याचे डॉक्टर जॉन हार्लो यांनी पुढे नोंदवले की तो लहरी झाला, बेत करायचा आणि लगेच सोडून द्यायचा. मेंदूच्या पुढच्या भागाचा आणि माणसाच्या आखणीचा संबंध या नोंदीमुळे चर्चेत आला. गेजच्या कहाणीचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. पुढे चिली देशात जाऊन त्याने कित्येक वर्षे घोडागाडी हाकण्याची नोकरी केली. ठरलेल्या वेळा, ठरलेला रस्ता आणि रोजची तीच कामे यांनी त्याला सावरले असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. शिक्षकाच्या दृष्टीने हा उत्तरार्धच मोलाचा आहे, कारण आतली व्यवस्था कमी पडते तेव्हा बाहेरची व्यवस्था तिला आधार देऊ शकते, हे तो सुचवतो.

विसाव्या शतकात सोव्हिएत रशियात अलेक्झांडर लुरिया यांनी दुसऱ्या महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करताना हा धागा पुढे नेला. त्यांच्या काही रुग्णांना सूचना तोंडपाठ म्हणून दाखवता येई, पण तिच्याप्रमाणे हात हलत नसे. १९७४ मध्ये ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी कार्यरत स्मृतीची मांडणी केली. २००० मध्ये अकिरा मियाके आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हे घटक एकमेकांशी निगडित असले तरी वेगवेगळे मोजता येतात. विखुरलेले हे संशोधन अ‍ॅडेल डायमंड यांनी २०१३ च्या आपल्या आढाव्यात एकत्र आणले. आज शिक्षणात वापरली जाणारी तीन घटकांची मांडणी मुख्यतः तिथूनच आली आहे.

मुलांमध्ये ही क्षमता कशी उगवते हे पाहायला पत्त्यांचा एक साधा प्रयोग पुरतो. फिलिप झेलाझो आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांना लाल-निळे ससे आणि होड्या असलेले पत्ते दिले. आधी रंगाप्रमाणे लावायचे. तीन वर्षांचे मूल ते सहज करते. मग सांगायचे, आता आकाराप्रमाणे लाव. तरीही बहुतेक तीन वर्षांची मुले रंगाप्रमाणेच लावत राहतात. त्यांना मध्येच विचारले, "ससे कुठे ठेवायचे?" तर बोट बरोबर जागी जाते, आणि पुढचा पत्ता पुन्हा चुकीच्या जागी पडतो. पाच वर्षांच्या सुमारास बहुतेकांना हा बदल जमू लागतो. नियम कळणे आणि नियमाप्रमाणे वागता येणे यांत अंतर असते, आणि ते वयाबरोबर, सरावाबरोबर भरत जाते. मेंदूचा कपाळामागचा भाग तर विशी ओलांडेपर्यंत घडत राहतो. "शंभरदा सांगितलं तरी कळत नाही" असे आपण म्हणतो, तेव्हा मुलाला बहुधा कळलेले असते. वागणे अजून कळण्याला गाठत नसते.

या क्षेत्रातला सर्वांत गाजलेला प्रयोग वॉल्टर मिशेल यांचा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत त्यांनी मुलांपुढे एक खाऊ ठेवला आणि थांबलास तर दोन मिळतील असे सांगितले. थांबणारी मुले पुढे शिक्षणात चमकली, असा निष्कर्ष जगभर पसरला आणि संयम हा जणू जन्मजात गुण ठरला. त्याच प्रयोगमालेतली दुसरी बाब मागे पडली. खाऊ झाकून ठेवला की मुले जास्त वेळ थांबत. थांबणारी मुले डोळे झाकत, गाणी म्हणत, पाठ फिरवून बसत. म्हणजे त्यांच्याकडे युक्त्या होत्या, आणि युक्त्या शिकवता येतात. पुढे सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी प्रयोगाला आधीचा एक टप्पा जोडला. एका गटातल्या मुलांना मोठ्या माणसाने कबूल केलेले चित्रकलेचे चांगले साहित्य आणून दिले, दुसऱ्या गटाला दिलेला शब्द पाळला नाही. मग खाऊची परीक्षा घेतली. शब्द पाळलेल्या गटातली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली, दुसऱ्या गटातली सुमारे ३ मिनिटे. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी सुमारे ९०० मुलांची माहिती तपासली, तेव्हा घरची परिस्थिती जमेस धरल्यावर खाऊसाठी थांबणे आणि पुढचे यश यांतले नाते बरेच फिके पडले.

याचा अर्थ आत्मनियंत्रणाला मोल नाही असा होत नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास आजवर चालू आहे. बालपणीच्या आत्मनियंत्रणाचा तिशीतल्या आरोग्याशी आणि आर्थिक स्थितीशी असलेला संबंध त्यात बुद्धिमत्ता आणि घरची परिस्थिती लक्षात घेऊनही टिकला. दोन्ही बाजूंचे पुरावे एकत्र वाचले की हाती येते ते असे: क्षमता महत्त्वाची आहे, आणि ती भोवतालाशी घट्ट बांधलेली आहे. ज्या घरात उद्याचा भरवसा नाही तिथले मूल आजचा खाऊ आज खाते, यात त्याची समजच दिसते.

हे मोठ्यांनाही लागू पडते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना तोडणीपूर्वी, हात तंगीत असताना, आणि तोडणीनंतर, पैसा आल्यावर, सारख्याच बौद्धिक चाचण्या दिल्या. तीच माणसे टंचाईच्या काळात कमी गुण मिळवत होती. चिंता मनातली जागा व्यापते. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास आई-वडिलांबरोबर उसाच्या फडावर जाणारे आणि शाळेत परतेपर्यंत वर्ग कितीतरी पुढे गेलेला पाहणारे मूल डोळ्यांसमोर आणले, तर त्याच्या 'लक्ष नसण्या'कडे आपण वेगळ्या नजरेने पाहू.

मग शाळेने काय करायचे? याची उत्तरे देणारे चार मुख्य प्रवाह आहेत. पहिला थेट सरावाचा. संगणकावरच्या खेळांनी कार्यरत स्मृती वाढवू, असा त्याचा दावा. मुले त्या खेळांत तरबेज होतात खरी, पण तो फायदा वाचनात किंवा गणितात क्वचितच उतरतो, असे अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण सांगते. स्मृतीचा व्यायाम विकणाऱ्या महागड्या साधनांकडे शाळांनी सावधपणे पाहावे, ते याचसाठी.

दुसरा प्रवाह लेव्ह व्हायगॉट्स्की यांच्या विचारातून आला. खेळात मूल स्वतःहून नियम स्वीकारते, म्हणून खेळ ही आत्मनियमनाची पहिली शाळा, असे हा प्रवाह मानतो. एरवी क्षणभर उभे न राहणारे मूल पहारेकऱ्याची भूमिका मिळाली की कितीतरी जास्त वेळ निश्चल उभे राहते, हे सोव्हिएत संशोधकांनी १९४० च्या दशकातच दाखवले होते. याच विचारावर एलेना बोद्रोव्हा आणि डेबोरा लिऑंग यांनी अमेरिकेत बालशिक्षणाचा कार्यक्रम उभारला. त्यातली जोडीवाचनाची पद्धत पाहण्यासारखी आहे. दोन मुले समोरासमोर बसतात. एकाच्या हातात ओठांचे चित्र, दुसऱ्याच्या हातात कानाचे. ओठवाला वाचतो किंवा चित्रांवरून गोष्ट सांगतो, कानवाला ऐकतो. मग चित्रांची अदलाबदल. 'गप्प बस, ऐक' हे बाईंना सांगावे लागत नाही, हातातला कान ते सांगतो. काही महिन्यांत मुलांना चित्रांची गरज उरत नाही. या कार्यक्रमाच्या काही चाचण्यांत चांगले परिणाम दिसले, तर काही मोठ्या चाचण्यांत फरक दिसला नाही. पद्धत कागदावर कितीही चांगली असली तरी ती कोण, कशी आणि कुठे राबवतो यावर बरेच अवलंबून असते.

तिसरा प्रवाह मारिया मॉन्टेसरी यांचा. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत सुरू झालेल्या त्यांच्या बालगृहात प्रत्येक साधन एकच असे. हवे असेल तर वाट पाहायची, निवडले तर पुरे करायचे, झाले की जागेवर ठेवायचे. निवड, संयम आणि पूर्तता यांचा सराव दिवसभर होतो आणि त्यासाठी वेगळा तास लागत नाही. चौथा प्रवाह थोड्या मोठ्या मुलांचा. आपण कसे शिकतो याकडे मुलानेच लक्ष द्यावे, हा विचार जॉन फ्लॅव्हेल यांनी १९७० च्या दशकात मांडला आणि बॅरी झिमरमन यांनी त्यातून स्वनियंत्रित अध्ययनाचे चक्र उभे केले: आधी आखणी, मग काम करताना स्वतःवर नजर, शेवटी मागे वळून तपासणी.

सहभागाचा अभ्यास या सगळ्याला समांतर वाढला. जेनिफर फ्रेड्रिक्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सहभागाचे वर्तन, भावना आणि विचार असे तीन पदर सांगितले. हाताची घडी घालून बसलेला वर्ग पहिल्या पदरावर पूर्ण गुण मिळवू शकतो आणि तिसऱ्यावर शून्य. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धान्तानुसार माणसाला आतून काम करावेसे वाटायला तीन गोष्टी लागतात: काहीतरी आपल्या हाती असणे, आपल्याला जमते असा अनुभव आणि आपले कोणीतरी सोबत असणे. मेरी बड रो यांनी वर्गांतल्या ध्वनिमुद्रणांतून दाखवले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरे लांबतात, जास्त मुले बोलू लागतात, मुले स्वतः प्रश्न विचारतात. उत्तर मनात जुळवायला लागणारा वेळ मुलाला मिळतो आणि आपल्या उत्तराची कोणीतरी वाट पाहत आहे हेही त्याला कळते. क्षमता आणि सहभाग इथे एकाच कृतीतून वाढतात.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. मॉन्टेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या, पण त्याआधीच गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला त्यांच्या पद्धतीला भारतीय रूप द्यायला सुरुवात केली होती. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. महागड्या साधनांच्या जागी बिया, शंख-शिंपले आणि पाने आली. सहभागाविषयी आज लिहिले जाणारे बरेच काही या दोघींनी कृतीत आणून दाखवले होते. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीममध्येही मूल सूत कातताना मोजत होते, आखत होते आणि केलेल्या कामाचा हिशेब ठेवत होते.

आपल्या अंगणातल्या खेळांतही हे भांडवल आहे. 'शिवाजी म्हणतो, हात वर!' या खेळात 'शिवाजी म्हणतो' हे शब्द आले तरच हलायचे. 'चिमणी उडे, कावळा उडे, म्हैस उडे' म्हणताना म्हशीला बोट उचलले की बाद. ऊर्मी थोपवण्याची चाचणी प्रयोगशाळेत जी घेतली जाते, तिची घडण या खेळांसारखीच असते. नियम उलटा करून पाहा: आता जे उडत नाही त्यालाच बोट उचलायचे. लगेच लवचिकतेचा सराव सुरू होतो. साहित्य लागत नाही, पट कितीही असो.

मग हे पुस्तक आत्ताच का? एक कारण धोरणाचे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात शिकण्याच्या सवयी हे स्वतंत्र ध्येय म्हणून आले आहे. अवधान आणि हेतुपूर्वक कृती, स्मृती आणि मानसिक लवचिकता अशा क्षमता त्यात नावानिशी नमूद आहेत. कागदावर ध्येय आले, आता ते दोनशिक्षकी शाळेत, एकाच खोलीत बसलेल्या दोन-तीन इयत्तांसमोर कसे उतरवायचे, याचे मराठीतले साहित्य फार थोडे आहे. दुसरे कारण घरांत दिसते. मोबाइलच्या पडद्यावर पुढचे चित्र कोणते हे बऱ्याचदा यंत्र ठरवते. शाळेचा प्रकल्प मुलाच्या नावावर असतो, पण आखणी, कात्रणे आणि सजावट आई-वडिलांची असते. मुलाच्या दिवसातून त्याने स्वतः ठरवायच्या गोष्टी कमी होत आहेत, आणि शाळाही तेच करत राहिली तर त्याला त्या कुठे मिळणार?

तिसरे कारण न्यायाचे आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोठे. ज्या घरात अभ्यासाचे वेळापत्रक भिंतीवर आहे, कोणीतरी दप्तर तपासते आणि परीक्षेची तारीख लक्षात ठेवते, तिथल्या मुलाची अर्धी कार्यकारी क्षमता घर पुरवते. घरातल्या पहिल्या शिकणाऱ्या पिढीतल्या मुलाला हा आधार नसतो. दोघांना एकाच मापाने मोजून आपण एकाला शिस्तीचा आणि दुसऱ्याला बेशिस्त ठरवतो. हा आधार वर्गाने सर्वांना द्यायला हवा.

आधार म्हणजे मुलाचे काम आपण करणे नव्हे. गावाकडे विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला डबा बांधतात. डबा त्याला तरंगत ठेवतो, हातपाय त्यालाच मारावे लागतात, आणि दम वाढला की डबा सुटतो. वर्गातल्या आधाराला हीच तीन मापे लावावीत. सहा सूचना तोंडी देण्याऐवजी फळ्याच्या कोपऱ्यात क्रमाने लिहिल्या, की स्मृतीवरचा भार हलका होतो. काही आठवड्यांनी तीच यादी मुलांकडून तयार करून घ्यायची. त्यानंतर ती ज्याने त्याने आपल्या वहीत करायची. यादी कायम बाईंच्याच अक्षरात राहिली तर डबा पाठीलाच राहिला. परिपाठाचेही तसेच. पंचांग, सुविचार, दिनविशेष कोणी सांगायचे याची यादी आपण वर्षभर लावतो. एका आठवड्याची आखणी पाचवीच्या एका गटाकडे सोपवली, तर कोणाला किती वेळ, कोण गैरहजर, ऐनवेळी काय बदलायचे, हे सगळे प्रश्न त्यांच्यापुढे येतात. पहिला आठवडा विस्कळीत होईल. तो होऊ द्यायला हवा.

या पुस्तकाने स्वतःपुढे ठेवलेले काम एवढेच आहे: संशोधनाने जे बऱ्यापैकी भक्कमपणे सांगितले आहे ते शिक्षकाच्या भाषेत मांडणे, जिथे पुरावा डळमळीत आहे तिथे तसे स्पष्ट म्हणणे, आणि प्रत्येक कल्पना साध्या शाळेत, आहे त्या साहित्यात आणि आहे त्या पटात करता येईल अशा रूपात देणे. बालवाडीपासून आठवीपर्यंतच्या शिक्षकांना ते उद्देशून आहे, पालकांनाही उपयोगी पडावे. हे निदानाचे पुस्तक नाही. एडीएचडी किंवा अध्ययन अक्षमता ओळखणे तज्ज्ञांचे काम आहे, आणि इथली कोणतीही यादी एखाद्या मुलावर शिक्का मारण्यासाठी वापरू नये. तसेच हे आज्ञाधारक मुले घडवण्याचे पुस्तकही नाही. सांगितले तेवढे करणाऱ्या मुलाला ही क्षमता फारशी लागत नाही. तिची खरी गरज लागते ती आपले ध्येय आपण ठरवणाऱ्याला.

वाचकांना एक विनंती. पुस्तक शेवटपर्यंत वाचून मग सुरुवात करू, असे ठरवू नका. तुमच्या वर्गातला एक निर्णय शोधा जो आजवर तुम्ही घेत आला आहात आणि मुले घेऊ शकतील. तो एका सत्रासाठी त्यांच्याकडे द्या, लागेल तेवढाच आधार द्या, आणि तो आधार कधी काढता आला याची नोंद ठेवा. केंद्राच्या शिक्षण परिषदेत ती नोंद सहकाऱ्यांपुढे मांडा, त्यांच्या नोंदीही मागून घ्या. मराठी शाळांतल्या अशा नोंदी साठत गेल्या, तर या विषयावरचे पुढचे पुस्तक परदेशी प्रयोगांवर कमी आणि आपल्या वर्गांवर जास्त उभे राहील. ते तुम्हीच लिहावे, अशी माझी इच्छा आहे.